चाप जडच असू द्या

आमच्या वऱ्हाडात परवान्याचं पिस्तूल ही तशी दुर्मिळ चीज नाही. अकोल्याचे जिनिंगवाले आणि सरकीवाले, वरुड-मोर्शीकडचे संत्र्याचे ठेकेदार, अमरावतीचे सराफ आणि बिल्डर, शिवाय सगळ्या पक्षांचे लहानमोठे 'भाऊ'. यातल्या कोणाशीही पाच मिनिटं पिस्तुलावर बोला, एक तक्रार हमखास येते. "बाकी सब बराबर हाय, पन चाप लय जड हाय राजा." आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य, जरा आवाज खाली आणून : "एक मिस्त्री हाय आपल्या वळखीचा. हलका करून देते."

या दुसऱ्या वाक्याबद्दल मला भांडायचं आहे.

पहिलं वाक्य खोटं नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. आपल्याकडे साध्या माणसाला ९ मिमी वगैरे मिळत नाही, ते 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये जातं. परदेशी हत्यारं सामान्य माणसाला आयात करता येणं १९८० च्या दशकातच बंद झालं, त्यामुळे जुनी ब्राउनिंग, वॉल्थर अजूनही लाखांच्या भावात हातोहात फिरतात. ज्याला ते परवडत नाही तो सरकारी कारखान्याचं .३२ घेतो. 'अशनी' पिस्तूल, नाहीतर .३२ चं रिव्हॉल्वर. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. मधल्या काळात, २०२० पासून, उत्तर प्रदेशात संडीला इथे वेब्ली-स्कॉटच्या नावाचं .३२ सुद्धा बनायला लागलं. म्हणजे पर्याय थोडे वाढलेत, पण मोजकेच. एवढे पैसे मोजल्यावर माणूस तक्रार करणारच.

आणि तक्रारीमागे भौतिकशास्त्र आहे. डबल ॲक्शन रिव्हॉल्वरचा चाप एका ओढीत तीन कामं करतो. घोडा मागे नेतो, चक्री फिरवतो आणि शेवटी घोडा सोडतो. त्याला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो, तोही लांब ओढीत. आता हत्यार अर्ध्या किलोचं आणि त्याच्या चापावर पाच किलोचा जोर, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापट. नवख्या माणसाच्या हातात नळी खाली जाईल नाहीतर बाजूला, नेम गेला खड्ड्यात. हे सगळं कबूल.

पण मग तो जडपणा तिथे ठेवलाय कशाला? कारखानेवाले येडे आहेत म्हणून?

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज एक चौकट बघतो. "तुम्हाला खात्री आहे का? हे डिलीट केल्यावर परत येणार नाही." प्रत्येक जण त्या चौकटीला शिव्या देतो, आणि ज्याने ती काढून टाकली तो एक दिवस अख्खा डेटाबेस उडवतो. जड चाप म्हणजे ती चौकट आहे. जगातल्या बहुतेक रिव्हॉल्वरना सेफ्टीचा वेगळा खटका नसतो. लांब आणि जड ओढ हीच तिथली सेफ्टी. घाबरून बोट आवळलं गेलं, सदऱ्याचं टोक अडकलं, खिशातली किल्ली चापात शिरली, तर तेवढ्याने गोळी सुटू नये म्हणून तो जोर लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, फीचर आहे. त्रासदायक फीचर आहे, हे मान्य.

आता मिस्त्री काय करतो बघू. तो दोनच गोष्टी करू शकतो. एक, स्प्रिंग नरम करणार. दोन, आत जिथे घोडा अडकून राहतो ती खाच घासणार.

स्प्रिंगचं आधी. डबल ॲक्शन रिव्हॉल्वरमध्ये जी स्प्रिंग चाप जड करते, तीच घोड्याला काडतुसाच्या टोपीवर आदळण्याची ताकद देते. एकच स्प्रिंग, दोन कामं. ती नरम केली की चाप हलका होतो आणि ठोकाही हलका पडतो. मग होतं काय, जत्रेतल्या खेळण्यासारखा 'टक' आवाज येतो आणि गोळी सुटतच नाही. ज्या एका रात्रीसाठी तुम्ही लाख-दीड लाख घातले, त्या रात्री 'टक'. शिवाय सरकीवाल्या शेटजींनी ते हत्यार नंतर कधी झाडूनच बघितलेलं नसतं, त्यामुळे हे त्यांना त्याच रात्री कळणार.

खाचेचं त्याहून वाईट. ती खाच किती खोल, तिचा कोन किती, यावर हत्यार पडल्यावर किंवा आदळल्यावर घोडा जागेवर राहणार की सुटणार ते ठरतं. तिथे केसाएवढं जास्त घासलं की चाप लोण्यासारखा चालतो, आणि हत्यारही लोण्यासारखं सुटतं. वरून पृष्ठभागाला कारखान्यात दिलेली कडकी घासली गेली, तर आज बरोबर चालणारी खाच चार महिन्यांत झिजते. म्हणजे मिस्त्रीकडून आणलं त्या दिवशी झकास, आणि बिघाड नंतर, कोणाला न सांगता. सॉफ्टवेअरमध्ये असला बग सगळ्यात हरामखोर मानतात :-)

हत्यार हातातून पडतं का कधी? पडतं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि सुटलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यात कोणी घासाघाशी केली होती असं मी अजिबात म्हणत नाही. म्हणतो एवढंच, की कपाट, पहाटेची घाई आणि निसटणारा हात प्रत्येक घरात असतात. पिस्तूल गुंडापेक्षा कपाटाला जास्त वेळा भेटतं.

आमच्या नात्यातल्या एका मामाजींशी यावर माझी जुंपली होती. मामाजी अकोल्याकडचे, व्यापारी माणूस, परवाना जुना.

"पाय बापू, हे पिस्तूल नाई, शिक्षा हाय. बोट दुखते. मिस्त्री म्हन्ते अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"मामाजी, वर्षात किती गोळ्या झाडता तुमी?"

"झाडाले काय दिवाळी हाय? घेतलं तवा दोन झाडल्या होत्या."

"मंग बोट कायनं दुखते?"

मामाजी चिडले. "तू कम्प्युटरवाला, तुले काय समजते त्यातलं!" असो. पण खरी गोष्ट त्या 'दोन झाडल्या होत्या'मध्येच आहे. दोन गोळ्यांच्या अनुभवावर चाप जड आहे हे कसं कळलं? जड चाप नव्हे, नवखं बोट. पहिल्या दिवशी मुद्गल उचलला तर तोही जडच लागतो, म्हणून कोणी सुताराकडे नेऊन तो तासून आणत नाही.

इथे जालावर वाचणारे हुशार लोक म्हणतील, न्यूयॉर्कचं काय? बरोबर, सांगतो. न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉक पिस्तुलं घेतली तेव्हा चाप मुद्दाम जड करून घेतला. कारखान्यातून येतो अडीच किलोच्या आसपास, यांनी मागितला तो साडेपाचच्या आसपास. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. रस्त्यावरची ९ माणसं जखमी झाली, तीही पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी. जड चापाने नेम बिघडतो ही टीका तेव्हा जोरात झाली, आणि २०२१ मध्ये नव्या भरतीच्या पोलिसांना हलक्या चापाची पिस्तुलं द्यायचं ठरलं.

म्हणजे माझा मुद्दा पडला? नाही. त्यांनी चाप हलका केला तो कारखान्याच्या भागांनी, कानशीने नव्हे. दिला त्यांना, ज्यांना अकादमीत रीतसर सराव करून घेतात. आणि तो पोलीस पिस्तूल चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये ठेवतो. आपला शेटजी? पॅन्टच्या पट्ट्यात खोचून, नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, फडक्यात गुंडाळून, बाजूला टोलच्या पावत्या आणि चिल्लर. या माणसाला न्यूयॉर्कचा चाप पाहिजे, न्यूयॉर्कचा सराव नको.

बरं, हलक्या चापाचे सगळ्यात मोठे शौकीन म्हणजे नेमबाज. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा लागतो. चापाला खरोखर वजन लटकवून तपासतात. वजन उचललं गेलं नाही तर ते पिस्तूल चालत नाही. म्हणजे जिथे नळी फक्त निशाणाकडे असते, शेजारी पंच उभे असतात, तिथेही हलकेपणाला खालची मर्यादा आहे. आणि लग्नाच्या पंगतीत कंबरेला पिस्तूल लावून वाकून मठ्ठा वाढणाऱ्या माणसाला कसलीच मर्यादा नको?

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणं, विकणंच नाही, तर दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. ओळखीच्या मिस्त्रीकडे तो नसतो. ज्याच्याकडे असतो तो गन हाऊसवाला असलं काम बहुधा करत नाही, म्हणून तर ओळख काढावी लागते. धारणीच्या पलीकडे बुऱ्हाणपूर जिल्हा आहे, तिथल्या पाचोरीचं नाव देशी कट्ट्यांच्या बातम्यांत सारखं येतं. कट्टा घासणारा हात आणि तुमचं परवान्याचं हत्यार घासणारा हात यांत तुम्हाला वाटतो तेवढा फरक नाही. सव्वा लाखाची वस्तू देऊन तुम्ही कट्टा परत आणता, आणि वर परवानाही घालवून बसता.

आता जरा सरकारकडे वळू, कारण सगळा दोष शेटजींचा नाही. परवाना देताना पोलीस चौकशी होते, कागदांची चळत होते, माणूस चपला झिजवतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही आलं. छान. पण त्यानंतर? २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं केली. त्या पाच वर्षांत या माणसाने एकदा तरी निशाणावर गोळी झाडली का, हे कोणी विचारतं? शेतात झाडली तर गुन्हा, लग्नात झाडली तर गुन्हा (तो असायलाच पाहिजे, २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे), मग झाडायची कुठे? गाडीच्या लायसनला आठ काढून दाखवावा लागतो. पिस्तुलाच्या नूतनीकरणाला शिक्का पुरतो. माझी मागणी साधी आहे : परवानाधारकाला जिल्ह्याच्या ठिकाणी, पैसे भरून का होईना, देखरेखीखाली सराव करता आला पाहिजे. आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याच हत्याराने, त्याच चापाने, थोड्या गोळ्या निशाणावर मारून दाखवायच्या. ज्याला जमत नाही त्याने पुन्हा शिकायचं. ज्याचा चाप घासलेला निघाला त्याचं हत्यार जमा.

अमरावतीला हे सांगायची खरं तर गरज पडू नये. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या गावात आहे. १९३६ मध्ये इथली पोरं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. आधी तालीम, मग हत्यार, हा क्रम आखाड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. आपण पिस्तुलापाशी आलो की तो क्रम उलटा का करतो? आधी हत्यार, मग मिस्त्री, तालीम कधीच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जड चाप फक्त अपघात थोपवतो, राग नाही. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, ते पिस्तूलही परवान्याचं आणि .३२ चंच होतं. तिथे कुठलाही चाप कामाला आला नसता. त्यामुळे घरात हत्यार ठेवायचं का, हा प्रश्न चापाच्या आधीचा आहे आणि तो ज्याने त्याने स्वतःला विचारायचा. पण ठेवायचंच ठरलं असेल, तर जे एक-दोन अडथळे कारखान्याने घालून दिलेत तेही पैसे देऊन काढून टाकू नका.

रोज दहा मिनिटं बोटाची आणि मनगटाची मेहनत करा. चाप झाकणारं चांगलं होल्स्टर घ्या. रीतसर जागी, शिकवणाऱ्याच्या समोर वर्षातून चार वेळा झाडा. एवढं करूनही ओढवत नसेल, तर ते हत्यार तुमच्यासाठी नाही, विकून टाका. त्या पैशात दुकानाला चांगलं शटर आणि दोन कॅमेरे नक्की येतात.