जुनी पिंपळी आणि नवी पिंपळी

फ्रान्स देशांत पॅरिस येथें १९७६ सालच्या मे महिन्यांत द्राक्षमद्याची एक परीक्षा झाली. बाटल्यांवरील नांवें झांकून फ्रान्सचें व अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाचें मद्य फ्रेंच परीक्षकांपुढें ठेवण्यांत आलें, आणि तांबड्या व पांढऱ्या या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या मद्यास मिळाला. तेव्हां फ्रेंचांच्या बाजूनें असा आक्षेप निघाला कीं, नवें असतांना तें चांगलें लागेल, पण जुनें होण्याची ताकद त्यांत नाहीं. तीस वर्षांनीं, २००६ सालीं, तींच तांबडीं मद्यें पुन्हां चाखण्यांत आलीं. पहिले पांचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले. मद्य प्यावें कीं न प्यावें हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आमच्या घरांत त्याचा शिरकाव नाहीं. परंतु मालाची जमीन व मालाचें वय या दोहोंची पारख जिभेनें करितां येते, ती नांव झांकून केली तरच खरी, आणि त्या पारखीवर शेतकऱ्याचा भाव ठरतो, ही गोष्ट पानपिंपरी पिकविणाऱ्या आम्हां अंजनगांवकरांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

कारण असें कीं, जुनी झाल्यानें ज्यांची किंमत वाढावी असे शेतीचे जिन्नस थोडे, आणि त्यांत आमची पिंपळी आहे. औषधी द्रव्यें नेहमीं नवींच घ्यावींत असा नियम सांगून शार्ङ्गधरानें त्यास मोजकेच अपवाद केले आहेत: वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध. हीं मात्र जुनीं घ्यावींत. त्याच ग्रंथांत आसवेंही जुनीं झाल्यानें गुणवान होतात असें म्हटलें आहे. द्राक्षारिष्ट हें एका अर्थीं आपल्याकडील द्राक्षमद्यच होय. त्यांत पिंपळी पडते, आणि आसवारिष्टें उठविण्यास जीं धायटीचीं फुलें लागतात तीं आमच्या डोक्यावरच्या सातपुड्यांत, मेळघाटांत फुलतात. म्हणजे जुनें होऊं देण्याची ही विद्या परदेशांतून आणावयाची नाहीं. ती आमच्या उंबऱ्याशीं पडून आहे.

अंजनगांवचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत १८०३ सालच्या शिंदे-इंग्रज तहामुळें येतें. पण तहानें येथल्या कोणाचें घर चाललें असें ऐकिवांत नाहीं. पानमळ्यांनीं मात्र पिढ्यान् पिढ्या चालविलें. अंजनगांव, अकोट, तेल्हारा या पट्ट्यांत बारी समाजानें विड्याचें पान व पानपिंपरी यांची शेती राखिली. ओलावा, सावली आणि रोजची राखण हें सर्व ज्या वेलास लागतें, त्याचीं फळें हातानें एकेक तोडावीं लागतात, तीं पिकून तांबडीं होण्याच्या आंत तोडावीं लागतात, आणि उन्हांत वाळवून काळीं करावीं लागतात. एवढा खटाटोप केल्यावर शेतकरी काय करितो? गोण भरली कीं दुसऱ्या दिवशीं ती व्यापाऱ्याच्या कांट्यावर टाकितो. तेथें ती इतर गांवच्या व इतर वर्षांच्या मालांत मिसळली म्हणजे तिचें गांव गेलें, वर्ष गेलें, उरलें तें वजन.

पिंपळी जुनी होते म्हणजे तिच्यांत काय होतें, हेंही समजून घेतलें पाहिजे. तिचा तिखटपणा पायपरीन नांवाच्या द्रव्यामुळें आहे. मिरींतही तेंच असतें. हें द्रव्य सहसा उडून जात नाहीं. वास ज्या तेलामुळें येतो तें मात्र हळूहळू उडतें. म्हणून नीट ठेविलेल्या जुन्या पिंपळीस पहिला उग्र भपका नसतो; जिभेवर ठेवतांच किंचित् गोडसर लागते, मग तिखटपणा सावकाश चढतो, जीभ चुणचुणते आणि लाळ सुटते. नवीचा तिखटपणा एकदम अंगावर येतो. ओली पिंपळी गोड व जड, वाळलेली तिखट व उष्ण, असा भेद वैद्यकग्रंथांनीं पूर्वींच केला आहे. मात्र उजेडांत पायपरीनचें रूप पालटतें व तिखटपणा उतरतो. आणि दमट राहिलेली पिंपळी जुनी होत नाहीं, ती बुरसते. जुनी आणि कुजकी यांतला फरक न कळणारा मनुष्य ही गोष्ट हातीं न घेईल तर बरें.

हें आम्ही अनुभवानें सांगतों. तीन वर्षांपूर्वीं एक गोण कडक न वाळवितां ठेविली, ती किड्यांनीं खाल्ली. त्यानंतर एकाच तोडणीचा माल दोन ठिकाणीं ठेविला, कांहीं पत्र्याच्या घट्ट झांकणाच्या डब्यांत आणि कांहीं खिडकींतल्या कांचेच्या बरणींत. यंदा हे दोन, तिसरा यंदाचा नवा माल, आणि चौथा बाजारांतून आणलेला, परप्रांतांतला म्हणून मिळालेला, असे चार नमुने चार वाट्यांत घालून, खालीं खूण करून, ओसरीवर सहा जणांपुढें मांडले. वैद्यबुवांनीं नवा माल न चाखतां, केवळ वासानें बाजूस काढिला. सहांपैकीं चौघांनीं डब्यांतला जुना पहिला ठरविला. बरणींतला कोणासच आवडला नाहीं. आणि प्रस्तुत लेखकानें मोठ्या आत्मविश्वासानें "हाच आपल्या मळ्यांतला" म्हणून जी वाटी उचलली ती बाजारची निघाली. "अहो, आपलें पोर आपणांसच ओळखूं येईना, मग व्यापाऱ्यास दोष कशाला देतां?" असें वैद्यबुवा म्हणाले, त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

एक सूचना येथें केली पाहिजे. पिंपळी, क्षार व मीठ हीं तीन अति खाऊं नयेत असें चरकानें बजाविलें आहे. परीक्षकानें एका बैठकींत चार नमुन्यांवर जाऊं नये, दोन नमुन्यांच्या मध्यें भाकरीचा तुकडा खावा व चूळ भरावी. पांचव्या वाटीस जीभ साक्ष देत नाहीं.

आतां प्रांताचा प्रश्न. पिंपळी केरळांत नारळाच्या बागेंत आंतरपीक म्हणून होते. तेथील कृषि विद्यापीठानें 'विश्वम' नांवाची जात दिली आहे. ईशान्येकडे ती जंगलांतून गोळा होते. जावा बेटाकडील लांब पिंपळी ही तर निराळ्या जातीचा वेल आहे, फळही मोठें. आमच्या जुन्या लोकांना हा भेद ठाऊक होता. राजनिघंटूंत पिंपळीचे जे चार प्रकार आहेत त्यांत एक सैंहली, म्हणजे सिंहलद्वीपाची. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत भाव लिहून ठेविले आहेत: लांब पिंपळी रत्तलास १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी ४. अशा मालास आज "वऱ्हाडी" म्हणून कोण ओळखतो? नागपुरी संत्र्यास, वायगांवच्या हळदीस व भिवापूरच्या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळालें. नाशिकच्या द्राक्षमद्यासही मिळालें. पण नुसत्या कागदानें चव सिद्ध होत नाहीं. डोंगराच्या पायथ्याचें गोडें पाणी व खारपाणपट्ट्याकडचें पाणी यांनीं पिंपळींत फरक पडतो असें आम्हांस वाटतें. परंतु ओसरीवरच्या फजितीनंतर, वाटणें आणि ठरणें यांत अंतर आहे हें कबूल करणें भाग आहे. तें अंतर नमुने ठेवूनच तुटेल.

यावर आक्षेप येईल कीं, माल दोन वर्षें ठेवावयास शेतकऱ्याजवळ सोय कोठें आहे? मजुरी रोख द्यावी लागते, मुलाची फी थांबत नाहीं, मर रोगानें वेल गेला तर पुन्हां लावणीचा खर्च आहे. शिवाय ठेविलेला माल वजनांत घटतो, आणि आमच्या अनुभवांत तरी आजवर जुन्यास म्हणून एक रुपया जास्त कोणी दिला नाहीं. हे आक्षेप खरे आहेत, म्हणूनच हें काम एकट्या शेतकऱ्याचें नव्हे असें आमचें मत आहे. हळद, बेदाणा यांसारख्या मालावर बाजार समित्यांमार्फत तारण कर्ज मिळतें. तसा आधार पानपिंपरीस मिळविण्यासाठीं आपल्या संस्थेनें लेखी मागणी करावी. तोंवर कोणीही सगळा माल अडवून ठेवूं नये. शंभर किलोंत पांच किलो ठेविली तरी प्रयोगास पुष्कळ आहेत. आणि औषध करणारे जे कारखानदार ग्रंथोक्त पद्धतीचें नांव घेतात, त्यांना संस्थेनें सरळ विचारावें कीं, ग्रंथांत जुनी पिंपळी सांगितली आहे, आपण ती घेतां काय, आणि घेत असाल तर कोणत्या भावानें? उत्तर "नाहीं" आलें तरी तें या मासिकांत छापावें.

पहिलें पाऊल लहान आहे. येत्या हंगामांत प्रत्येक सभासदानें एक किलो कडक वाळलेली पिंपळी संस्थेच्या कचेरींत आणून द्यावी. ती पत्र्याच्या डब्यांत, अंधाऱ्या कोरड्या खोलींत ठेवावी, आणि दरवर्षीं एकदां नांवें झांकून चाखावी. परीक्षकांत एक वैद्य, एक व्यापारी आणि दोन बागाईतदार असावेत. ज्याचा माल त्यानें त्या दिवशीं परीक्षक होऊं नये. डब्याच्या आंत चिठ्ठी टाकावी. तीवर गांव, विहिरीचें पाणी गोडें कीं खारें, वेल किती वर्षांचा आणि तोडणीची तारीख एवढें लिहावें. भाव लिहूं नये.