‘ब्राह्मण’ अमेरिकेच्या ताटात, म्हातारा बैल आमच्या दावणीला

अमेरिकेत गोमांसासाठी पाळल्या जाणाऱ्या, उन्हाला दाद न देणाऱ्या एका गोवंशाचं नाव आहे ‘ब्राह्मण’. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. तिथल्या पशुपालकांनी १९२४ साली संघटना काढली आणि हेच नाव पक्कं केलं. १८५४ ते १९२६ या काळात भारतीय वंशाची तीनशेच्या आतच जनावरं तिकडे पोचली. त्यांत गीर, कांकरेज, ओंगोल होती, आणि थोडं रक्त आपल्या ‘कृष्णा खोरे’ जातीचंही होतं. ही जात काळ्या चिकट रानात औत ओढण्यासाठी सांगली व आसपासच्या संस्थानिकांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली.

अमेरिकेला या जनावरांत देव दिसला नाही. दिसलं ते वशिंड, सैल लोंबती कातडी, आखूड चकचकीत केस, भरपूर घाम आणि गोचिडांना टक्कर देण्याची ताकद. विलायती गाय उन्हात धापा टाकते तेव्हा हे जनावर चरत असतं.

हाच काटकपणा माण, खटाव, आटपाडी, जतच्या खिल्लारात आहे. खिल्लार मांसाची जात नव्हे, कष्टाची आहे. कमी चाऱ्यावर, कमी पाण्यावर ती टिकली, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या कष्टकऱ्यांनी पोसली. औत ट्रॅक्टरकडे गेलं तेव्हा तिला पहिला फटका बसला. दुसरा फटका कायद्याने दिला.

१९७६ च्या कायद्यात गाय कापायला बंदी होती, पण निकामी बैल दाखला घेऊन विकता येत होता. त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवं खोंड आणायचा. २०१५ साली बैल आणि वळूही बंदीत आले. कत्तलीसाठी विकला तर पाच वर्षांपर्यंत कैद. चक्र तिथेच तुटलं. दुष्काळात माणसं छावणीत जनावरांसोबत राहतात, आणि ज्याच्याकडून एक तासही सुटत नाही अशा बैलाला मरेपर्यंत वैरण घालण्याचा हुकूम त्यांनाच! गोरक्षण मुंबईत घोषित होतं, वैरणीचं बिल आटपाडीत फाटतं.

म्हशीला मात्र बंदी नाही. दूध म्हशीचंही पितातच ना? मग हा प्रश्न दयेचा नाही, धर्माच्या उतरंडीचा आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाय ‘राज्यमाता’ झाली. मातेचा म्हातारा मुलगा कोणी पोसायचा, हे कोणी सांगितलं नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाच्या प्रश्नापर्यंत नेऊन दाखवलं. त्यांनीच महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. ती आपल्या माणसाची हाक होती, सरकारी बंदी नव्हती. आणि याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली मसूर स्टेशनवर दुप्पट भाडं देऊनही गाडीवानाने भीमराव व त्यांच्या सोबतच्या पोरांची गाडी हाकली नाही. पोरांनाच हाकावी लागली. बैलांना विटाळ झाला नाही, माणसाला झाला. जनावराला देव आणि माणसाला विटाळ मानणारी तीच बुद्धी आज कायदा लिहिते आहे.

आमची मागणी साधी आहे. बैल आणि वळू बंदीतून काढा. निकामी जनावर विकण्याचा हक्क शेतकऱ्याला आणि ताटात काय घ्यायचं याचा हक्क माणसाला परत द्या. ते जमत नसेल, तर प्रत्येक म्हाताऱ्या बैलाची वैरण सरकारने दावणीवर पोचवावी.

मित्रांनो, खिल्लार वाचवायचं म्हणणाऱ्यांना गावोगावी हाच प्रश्न विचारा : पूजा तुमची, मग वैरण आमची का?

जय भीम!