मोत्याचा ताळेबंद

बावीस वर्षे बँकेत लोकांचे हिशेब जुळवणाऱ्या माणसाच्या घरी कुत्र्याचा हिशेब चुकावा, यासारखी नामुष्की नाही. ती ज्यांच्यामुळे झाली त्यांच्याशी मी आज जाहीर भांडणार आहे. आरोपींत मीही आहेच.

आमचा मोत्या चार महिन्यांचा झाला आणि लंगडू लागला. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. डॉक्टरांनी विचारले, "खायला काय घालता?"

"घरचं!" ही अभिमानाने म्हणाली. "वरणभात, वर तूप. रविवारी खिमा."

"वहिनी, यात कॅल्शियम कुठंय?"

"पण मीठ मी बेतानंच घालते हं!"

मग डॉक्टरांनी सांगितले ते मला लगेच कळले, कारण ते बँकेच्याच भाषेतले होते. भात, डाळ, मटण, सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रक्तात कॅल्शियम कमी पडले की शरीर हाडांतली मुदत ठेव मोडू लागते. रोज थोडी थोडी. खातेदार शेपूट हलवतोय आणि बँक आतून बुडतेय!

हे शेजारच्या अण्णांना सांगितले तर म्हणाले, "हॅट्! आमच्या गावचा वाघ्या जन्मभर शिळ्या भाकरीवर जगला. चांगला चौदा वर्षं!" असा एक वाघ्या प्रत्येक घराण्यात असतो. दीड वर्षात गेलेल्या पिल्लांच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. आणि अहो अण्णा, भाकरी हा वाघ्याचा नुसता पगार होता! उंदीर, घुशी, खाटकाच्या दारातली हाडे ही वरकमाई त्याने तुमच्या आजोबांना दाखवली होती का? आमचा मोत्या तिसऱ्या मजल्यावर, साखळीला. माझ्यासारखाच निव्वळ पगारावर. त्याच्या ताटात जे नाही, ते त्याला जगात कुठेच नाही.

दुसरा पक्ष छापील पाककृतीवाल्यांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या आणि २०१३ साली निकाल छापला. ९५ टक्के कृतींत एखादे तरी आवश्यक द्रव्य कमी! आमच्या शाखेत असा ताळेबंद निघाला असता तर मॅनेजर घरी गेला असता.

घरचे घालू नका, असे मी म्हणत नाही. मोत्या आजही घरचेच खातो. फक्त ते आता अंदाजपंचे नसते. चिकन, अंडे, भात, भोपळा, थोडे तेल, सगळे काट्यावर तोलून. त्यात डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेली कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड. कांदा-लसूण बंद, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. बेदाणे बंद, शिजलेली हाडेही बंद. प्रेम चालू आहे, पण त्यात कॅल्शियम नसते हे आता आम्हांला ठाऊक आहे.

मोत्याचे पाय बरेचसे सुधारले. उजवा किंचित वाकडाच राहिला. हिशेबाच्या वहीतली चुकीची नोंद खोडरबराने पुसता येत नाही; तिच्यावर रेघ मारून शेजारी आपली सही करावी लागते.

ही ती सही.