खोडाखोड नसलेली खातेवही

साठी उलटली की माणसाच्या ओळखी एकेक करून गळू लागतात. हुद्दा जातो, कार्यालयातील खुर्ची जाते, मुले आपापल्या संसारात रमतात. 'मग आता मी कोण?' हा प्रश्न प्रथमच निवांतपणे समोर येतो. याच काळात तरुण पिढी आपल्याला 'जरा बदला' म्हणते आणि आपण तिला 'मूळ विसरू नका' असे बजावतो. बदलावे किती आणि जपावे काय, याचा विचार करताना कविवर बनारसीदासांच्या 'अर्धकथानक' या ग्रंथाचे स्मरण होते.

बनारसीदासांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथील एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याच्या घरी झाला. व्यापारानिमित्त ते पुढे आग्र्यास स्थिरावले आणि वयाच्या ५५ व्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी स्वतःचे चरित्र पद्यात लिहिले. माणसाचे आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी त्यास अर्धे कथानक म्हटले.

या अर्ध्या आयुष्यात ते कितीदा तरी बदलले. तारुण्यात त्यांनी हजार छंदांचा शृंगारिक ग्रंथ रचला आणि पुढे उपरती होताच तो स्वहस्ते गोमती नदीत टाकला. एका योग्याने दिलेला शंख शिव समजून ते गुप्तपणे पूजित असत. १६०५ मध्ये अकबराच्या निधनाची वार्ता ऐकून ते जिन्यावरून कोसळले आणि त्या पूजेवरील त्यांचा विश्वास उडाला. व्यापारात भांडवल बुडाले, तेव्हा आग्र्यातील एका कचोरीवाल्याच्या उधारीवर त्यांनी कित्येक महिने पोट भरले. पुढे अध्यात्माच्या अर्धवट आकलनामुळे सर्व क्रियाकांडाची थट्टा सुरू झाली; मित्रांसह बंद खोलीत निर्वस्त्र होऊन 'आम्ही मुनी झालो' असे म्हणत ते नाचले. अखेर पंडित रूपचंदांकडून 'गोम्मटसार' ऐकल्यावर त्यांची दृष्टी स्थिरावली आणि १६३६ मध्ये 'नाटक समयसार' हा त्यांचा श्रेष्ठ ग्रंथ सिद्ध झाला.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले म्हणून. नऊ अपत्यांच्या मृत्यूचे दुःख त्यांनी लिहिले, तशीच अखेरीस आपल्या गुणांची आणि दोषांचीही यादी दिली.

बँकेत हाताने खातेवह्या लिहिल्या जात, त्या काळी एक दंडक कसोशीने पाळला जाई. चुकलेला आकडा खरवडून काढायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, वर योग्य आकडा लिहायचा आणि शेजारी स्वाक्षरी करायची. मूळ आकडा वाचता आलाच पाहिजे. दुरुस्ती केलेल्या वहीवर कोणी संशय घेत नसे. पान फाडलेल्या वहीवर मात्र तपासनीस हमखास थांबे. बनारसीदासांची वही अशी आहे. रेघा पुष्कळ, फाटलेले पान एकही नाही.

आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसा' ग्रंथात सोन्याचा दृष्टांत दिला आहे. सुवर्णघट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा हर्षतो आणि सोने हवे असणारा मध्यस्थ राहतो. बनारसीदासांच्या जीवनातले सोने कोणते, असे विचारले तर मी म्हणेन, आर्जव, म्हणजे सरळपणा. प्रेमकवी, शंखपूजक, दिवाळखोर व्यापारी, अध्यात्मी ही सारी रूपे आली आणि गेली. स्वतःशी खोटे न बोलणारा माणूस मात्र तोच राहिला.

आपल्या घरांतून नेमके उलट घडताना दिसते. नातू रात्रिभोजनत्यागाविषयी शंका विचारतो, सून एखाद्या रूढीचे कारण विचारते, तेव्हा वडीलधारी मंडळी 'आम्हाला असे प्रश्न कधी पडले नाहीत' असे उत्तर देतात. वस्तुतः बहुतेकांना ते पडलेले असतात. कोणी वसतिगृहात असताना नियम सैल केलेले असतात, कोणी चाळिशीनंतर ते समजून-उमजून पुन्हा स्वीकारलेले असतात. ही पाने आपण लपवतो. मग शंका घेणारा तरुण समजतो की या घरात डळमळणारा आपण एकटाच, आणि तो हळूहळू दूर जातो. ते पान त्याला दाखवले असते, तर शंकेतूनही वाट निघते हे त्याला उमगले असते.

म्हणून ज्येष्ठांना एक विनंती. नातवंडांना आपल्या यशाची कहाणी अवश्य सांगा. परंतु आपण कुठे अडखळलो, कोणत्या वयात काय सोडले आणि ते पुन्हा का धरले, हेही सांगा. त्या रेघांजवळच आपली स्वाक्षरी असते, आणि मुले आपल्याला तिच्यावरूनच ओळखतात.