देखावे बघत केलेली यात्रा



स्पेनमधल्या सांतियागोला ख्रिस्ती लोक पायी यात्रा करतात. तिथे जाणाऱ्या वाटा अनेक, त्यात सगळ्यात गर्दीची ती फ्रेंच वाट. आम्ही दोघी जावांनी मात्र बास्क मुलखातून समुद्राकाठाने जाणारी उत्तरेची वाट ठरवली आहे. तीही इरुन ते बिल्बाओ एवढीच, साधारण १५० किलोमीटर. "देखावे बघायला जाताय, मग तिला यात्रा कशाला म्हणायचं?" असं घरात विचारलं गेलं.

मला ते पटत नाही. आपली मांगीतुंगी, गिरनार, शिखरजी ही तीर्थंही डोंगरांवरच आहेत ना? तिथला वारा आणि दऱ्या बघून आपलं दर्शन काही उणं होत नाही. शिवाय ही वाट सुंदर आहे, सोपी नाही. पासाइआला होडीतून खाडी ओलांडायची, गेतारियाजवळ द्राक्षमळ्यांतून जायचं आणि देबा ते मार्किना तर नुसते चढउतार. पुढे गेर्निका लागतं. २६ एप्रिल १९३७ ला या गावावर विमानांतून बॉम्ब टाकले गेले होते. अहिंसा मानणाऱ्या बाईने त्या गावात घटकाभर बसावं, असं मला वाटतं.

माझ्या मनातला पेच वेगळाच आहे. ईर्यासमिती सांगते, पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाका. इथे तर डोळे सारखे समुद्राकडे वळणार. त्या भागात पाऊस भरपूर, म्हणूनच हिरवळ, आणि ओल्या पायवाटेवर गोगलगायीही असणार. म्हणून आमचा नियम साधा आहे: चालताना खाली बघायचं, देखावा बघायचा तर थांबायचं. लोक रोज पंचवीस किलोमीटर चालतात, आम्ही बारा-तेरा चालू.

महिना जून. चातुर्मासाच्या आधी घरी परत येता येईल. तिथे जूनमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहारही सांभाळता येईल. पण हॉटेलातलं रात्रीचं जेवण उशिरा सुरू होतं, तेव्हा खाकरा-थेपले बरोबर हवेत. तिथल्या 'तोर्तिया'च्या नादी लागू नका. तिच्यात अंडं, बटाटा आणि बहुतेकदा कांदाही!

तुम्हीही अशी वाट निवडणार असाल, तर सुंदर वाट खुशाल निवडा. फक्त रोजचं अंतर कमी ठेवा. घाईत चाललो, तर पायाखालचा जीवही दिसत नाही आणि समोरचा समुद्रही.