निदानाचे पैसे



आजचा विषय वाचून माझ्या भाचेमंडळींना हसू येईल. आयुष्यभर खडू धरलेला माणूस ट्रकच्या गिअरबॉक्सवर काय लिहिणार? पण विषय गिअरबॉक्सचा असला तरी मुद्दा आपल्या दानतीचा आहे, म्हणून लिहितो.

माझं मत सरळ आहे. आपल्याकडे मिस्त्रीला हाताच्या कामाचे पैसे मिळतात, डोक्याच्या कामाचे मिळत नाहीत. पेटी उतरवली, पार्ट बदलला की बिल होतं. "पेटी खोलायची गरज नाही" असं सांगणाऱ्याला मात्र आपण चहा पाजतो आणि निघतो.

आमच्या शिरपुरातलंच उदाहरण घ्या. माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे जुना सहाचाकी ट्रक आहे. ऐन सोयाबीनच्या हंगामात गिअर पडेनात, नुसती खरखर. बाहेरगावच्या एका गॅरेजने पेटी उतरवायला सांगितली. म्हणजे आठ दिवस गाडी उभी, हंगामाची कमाई बुडाली, हप्ता मात्र चालूच. मग त्याने गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी इंजिन बंद करून एकेक गिअर टाकून पाहिला, सगळे अलगद पडले. इंजिन चालू केलं की पुन्हा खरखर. "पेटीत काही नाही बाप्पा, क्लच पुरता सुटून नाही राह्यला," एवढंच बोलले. तर्क बघा. बंद इंजिनावर गिअर पडतात म्हणजे आतले दात शाबूत आहेत. चालू इंजिनावर पडत नाहीत म्हणजे पायडल दाबूनही इंजिन पेटीला फिरवतंच आहे. क्लचचं सेटिंग केलं आणि ट्रक त्याच दुपारी बाजार समितीच्या रस्त्याला लागला. मिस्त्रींना मिळाले पन्नास रुपये. पेटी उतरवली असती तर हजारांत मिळाले असते!

हे झालं पायाने क्लच दाबायच्या गाडीचं. ऑटोमॅटिकमध्ये पायडलच नसतं, त्यामुळे मालकाला काहीच अंदाज येत नाही आणि भीती दुप्पट होते. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत पूर्ण ऑटोमॅटिक पेटी विकत मिळू लागली, आणि पुढे तिकडे पिकअप ट्रकमध्येही ती सर्रास झाली.

माझा एक भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे १९८० च्या दशकातला असाच एक पिकअप आहे. त्याचा गिअर उशिरा बदलायचा आणि बदलताना जोराचा धक्का बसायचा. एका ठिकाणी अख्खी पेटी बदलायला सांगितली. "मामा, गाडीपेक्षा पेटी महाग आहे," तो फोनवर म्हणाला. दुसऱ्या गॅरेजने आधी फक्त तपासणीची फी घेतली आणि चिरलेली एक रबरी नळी शोधून काढली.

त्या जुन्या पेटीत कॉम्प्युटर नसतो. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीचा जोर नळीतून पेटीपर्यंत पोचतो आणि त्यावरून पेटीला ओझ्याचा अंदाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते. पेटी समजते, आता जोर लागणार, गिअर उशिरा बदलू. नळी चिरली की ओढ पोचतच नाही. मग रिकामी गाडी सपाट रस्त्यावर असली तरी पेटीला वाटतं, आपण भरल्या मालानिशी घाट चढतो आहोत! वर्गातही असंच असतं. गणित चुकणाऱ्या मुलाला कधी कधी गणित येत असतं, त्याला प्रश्नच नीट वाचता येत नसतो. त्याला पाढे घोकायला लावून काय उपयोग?

पेटी खोलण्याआधी पाहण्यासारखं पुष्कळ असतं. ऑईल पुरेसं आहे का? कमी असेल तर गिअर घसरतो, गाडी उचल घेत नाही. ऑईल लालसर आणि स्वच्छ असेल तर आशा आहे. तपकिरी होऊन जळका वास येत असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या जळत असाव्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. खालच्या ट्रेमधल्या चुंबकावर थोडा बारीक राखाडी चिखल असतोच, पण धातूचे तुकडे दिसले तर मात्र पेटी खोलायलाच हवी. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॉम्प्युटर जोडून दोषाचा क्रमांक वाचायची सोय सक्तीची झाली. पण तो क्रमांक कुठे शोधायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नव्हे. शोधायला माणूसच लागतो.

कुणी म्हणेल, सर, फी घेऊनही मिस्त्री खोटं बोलू शकतोच की. शकतो. पण ज्याला नुसतं बघण्याचेही पोटापुरते पैसे मिळतात, त्याला पेटी उतरवण्याचा मोह कमी होतो. आज आपण प्रामाणिक मिस्त्रीला उपाशी ठेवतो आणि वर "आता पूर्वीसारखे मिस्त्री राहिले नाहीत" म्हणून हळहळतो. कसे राहतील? काही ठिकाणी दुरुस्ती तिथेच केली तर ही फी बिलातून वजा करतात. मला तेही पटत नाही. त्याने निदान पुन्हा फुकटच होतं.

आपल्याकडेही आता ऑटोमॅटिक गाड्या वाढत आहेत. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि मध्यमवर्गाला परवडणारी बिनक्लचची गाडी मिळाली. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला शिरपुरात येणाऱ्या गाड्यांतही अशा दिसतात. त्यातली एखादी इथे बंद पडली तर लक्षणं ऐकून विचार करणारा माणूस गावात असायला हवा. गावातली पोरं हे शिकतील, पण शिकून पोट भरतं हे त्यांना दिसलं तर.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी मिस्त्रीकडे गेलात की "पेटी गेली" असं आपणच ठरवून सांगू नका. कधी होतं, गाडी थंड असताना की तापल्यावर, कोणत्या गिअरला, तेवढंच सांगा. आणि तो "काही नाही, फक्त नळी चिरली" म्हणाला, तर नळीचे वेगळे आणि ओळखल्याचे वेगळे पैसे द्या. न मागता द्या.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. तूर्तास इतकेच.