मानेची शीर मोकळी झाली, हिशेब परत येईल का?

सोनारीला आमचे थोरले चुलते राहतात. सारी वस्ती त्यांना अण्णा म्हणते. त्यांची उमर सोलापूरच्या गिरणीत गेली. गिरणी बंद पडल्यावर ते गावी आले आणि दीड एकर कोरडवाहू कसू लागले. शाळा चौथीपर्यंतच, पण माणूस हिशेबाला पक्का. जयंतीची वर्गणी कोणी किती दिली, मंडपवाल्याला किती गेले, विहाराच्या पत्र्यांना किती लागले, हे सारे त्यांच्या लाल वहीत लिहिलेले असे, आणि वहीच्या आधी त्यांच्या डोक्यात असे. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला गावात माणूस मावत नाही. तेव्हा धाकटा चुलतभाऊ उसाच्या रसाचा गाडा लावतो. त्या गल्ल्याचा हिशेबही रात्री कंदील असो की बल्ब, अण्णाच करीत.

गेल्या वर्षी एके सकाळी चहाची कपबशी अण्णांच्या उजव्या हातातून गळून पडली. बोलायला गेले तर शब्द भलतेच. "पाणी दे" म्हणायचे तर "पायताण दे" म्हणाले. पोरे हसली. पाव तासात सारे ठीक झाले. चुलती म्हणाली, "रातच्याला झोप न्हवती, पित्त झालं आसंल." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले, आणि या वेळी हात तासभर उचलेना. मग जीप करून परंडा, तेथून बार्शी आणि शेवटी सोलापूर अशी धावाधाव झाली. मानेची डॉप्लर सोनोग्राफी केली. मेंदूकडे रक्त नेणारी डाव्या बाजूची मोठी शीर सत्तर टक्क्यांहून अधिक बुजलेली निघाली. ऑपरेशन झाले. हात वाचला, बोलणे वाचले.

महिनाभराने आम्ही भेटायला गेलो, तेव्हा अण्णा लाल वही मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. सात पावत्यांची बेरीज त्यांनी तीनदा केली आणि तिन्ही वेळा निराळी आली. ते काही बोलले नाहीत. वही मिटून बाजूला ठेवली. थोरला मुलगा आम्हाला बाहेर नेऊन म्हणाला, "दादा, आपरेशननं अण्णाचं डोकं गेलं बगा." धाकटा म्हणाला, "डोकं आदीच गेलं हुतं. आपरेशननं परत यायला पायजे हुतं, ते काय आलं न्हाई." आणि भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "जमिनीच्या कागदावर आत्ताच सही घेऊन टाका. पुढं त्येंला काय कळायचं?"

ही तीन वाक्ये आमच्या डोक्यात रात्रभर घोळत राहिली. अशी वाक्ये आज एका सोनारीत नव्हे, अनेक घरांत बोलली जातात. म्हणून या वेळी त्यांचाच विचार करू.

शीर कशी बुजते?

गळ्याच्या घाटीशेजारी हलके बोट ठेवले की ठोका लागतो. हीच ती शीर. डॉक्टर तिला कॅरोटिड धमनी म्हणतात. अशी एक डावीकडे आणि एक उजवीकडे असते. (दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबू नयेत, चक्कर येऊन माणूस पडू शकतो.) जबड्याखाली या शिरेला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. या फाट्याच्या जागी चरबीचा आणि चुन्याचा थर साचत जातो, जसा जुन्या नळात क्षार साचतो. बिडी, वाढलेला रक्तदाब, साखर आणि वाढते वय यांनी तो थर जाड होतो. तंबाखूची गोळी आणि मिशरी हीसुद्धा रक्तवाहिन्यांची वैरीणच.

या थरावर रक्ताची गुठळी बसते. तिचा कण सुटून मेंदूत गेला की तेवढ्या भागाचे रक्त थांबते. डाव्या मेंदूकडे शरीराची उजवी बाजू असते, आणि बहुतेक माणसांत बोलणे, लिहिणे, हिशेब हेही तिकडेच असते. म्हणून अण्णांचा उजवा हात आणि शब्द दोन्ही एकदम गेले. उजवी शीर बुजलेली असेल तर डावी बाजू लुळी पडते. अशा माणसाला कधी डाव्या बाजूचे भानच राहत नाही, ताटातली डावीकडची भाकरी त्याला दिसत नाही.

मग पाव तासात सारे ठीक कसे झाले? कण विरघळला म्हणून. मुंबईचे मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या धमनीतली गुठळी आपोआप विरघळू शकते हे क्ष-किरणांच्या चित्रांवरून दाखवले. त्यांचा तो लेख १९६५ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण एक कण विरघळला म्हणजे दुखणे गेले असे नव्हे. थर तिथेच असतो आणि दुसरा कण तयार होत असतो. डॉ. दलालांच्याच पुढाकाराने २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका भागात पाहणी झाली. तीत ज्यांना पहिल्यांदा लकवा झाला, त्यांच्यातील शंभरातले सुमारे तीस लोक अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावले. अण्णांची ती पंधरा मिनिटे हसण्यावारी नेण्याची नव्हती. ती शेवटची सूचना होती.

ऑपरेशन कशासाठी?

कॅनडाचे डॉ. मिलर फिशर यांनी १९५१ साली मानेची ही शीर आणि लकवा यांचा संबंध स्पष्ट केला. म्हातारपणीचा बुद्धिभ्रंशही काही जणांत या शिरेमुळे होत असावा, अशी शंका त्यांनी त्याच वर्षी मांडली. शीर मोकळी केली की बुद्धी परत येईल ही आशा इतकी जुनी आहे.

१९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सहासष्ट वर्षांच्या एका गृहिणीवर असे ऑपरेशन झाले. तिला तोवर असे तेहतीस छोटे झटके येऊन गेले होते. बुजलेला भाग काढून शीर जोडली आणि झटके थांबले. पुढे अमेरिका व कॅनडात शेकडो रुग्णांवर मोठा प्रयोग झाला आणि १९९१ साली त्याचा निकाल आला. सत्तर टक्क्यांहून अधिक बुजलेली शीर आणि नुकताच येऊन गेलेला झटका, असे हे रुग्ण होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत शंभरातल्या सव्वीस जणांना त्याच बाजूचा लकवा झाला. ऑपरेशन झालेल्यांत नऊ जणांना. म्हणजे ऑपरेशन होते ते पुढचा झटका टाळण्यासाठी. झटक्यानंतर ते दोन आठवड्यांच्या आत झाले तर लाभ सर्वांत जास्त.

डोक्याचे काय होते?

आता मुलांच्या वाक्यांकडे येऊ. "ऑपरेशनने डोकं गेलं" हे खरे का? पूर्ण खोटेही नाही आणि पूर्ण खरेही नाही. शीर उघडून साफ करताना काही मिनिटे रक्त अडवावे लागते. गरज पडल्यास डॉक्टर तेवढ्यापुरती नळी घालून रक्त चालू ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत मांडीतून किंवा हातातून तार नेऊन शिरेत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. तेव्हा थराचे बारीक कण सुटू शकतात, म्हणून पुढे गाळणी लावण्याची सोय असते. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या एका मोठ्या प्रयोगात रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. २०१० साली त्याचा निकाल आला. स्टेंट बसवलेल्यांपैकी निम्म्यांच्या मेंदूत नवे बारीक डाग दिसले, तर ऑपरेशन झालेल्यांत शंभरातल्या सतरा जणांत. यातले बहुतेक डाग बाहेरून कळतही नाहीत. पण कोणाकोणात लक्ष लागणे, पटकन आठवणे, बेरीज करणे यात थोडा फरक पडू शकतो. शिवाय भूल, दवाखान्यातले जागरण आणि परकी जागा यांनी म्हाताऱ्या माणसाला पहिले काही दिवस भ्रम होतो. तो बहुधा निवळतो.

धाकट्याचे म्हणणे असे की बुद्धी परत यायलाच हवी होती. काही जणांत ती सुधारते. विशेषतः शीर फार अरुंद असल्याने मेंदूला रक्तच कमी पडत असेल, तर रक्त वाढल्यावर माणूस तरतरीत होतो. काहींत थोडी घट होते. पुष्कळांत फरक पडत नाही. झटक्याने मेंदूचा जो भाग मेला तो शीर मोकळी केल्याने जिवंत होत नाही. झटका न आलेल्या पण शीर बुजलेल्या रुग्णांवर युरोपात मोठा प्रयोग झाला होता. त्यातील ब्रिटन व स्वीडनच्या रुग्णांची नोंद पुढे बरीच वर्षे ठेवली गेली. ऑपरेशन लवकर झालेल्यांत आणि न झालेल्यांत बुद्धिभ्रंशाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. तेव्हा ऑपरेशन हे पुढच्या लकव्यावर घातलेले कुंपण आहे, स्मरणशक्तीचे औषध नव्हे. मात्र प्रत्येक नवा लकवा बुद्धीचा आणखी एक तुकडा नेतो, आणि तो टळला तर तेवढी बुद्धी वाचतेच.

आधी मोजा, मग बोला

अण्णांच्या बाबतीत खरी चूक कोणती झाली? ऑपरेशनच्या आधी त्यांचे डोके किती चालत होते हे कोणीच मोजले नाही. दवाखान्यात नाही आणि घरातही नाही. त्या दोन झटक्यांनी किती नेले आणि ऑपरेशनने किती नेले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तरी दोन्ही भाऊ त्यावरून भांडत होते.

म्हणून ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावे, "साहेब, बुद्धीची चाचणी ऑपरेशनच्या आधी आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा घ्याल का?" ही चाचणी कागद-पेन्सिलीची असते आणि थोड्या मिनिटांत होते. अक्षरओळख नसलेल्या माणसांसाठीही ती आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतील निरक्षर वृद्धांसाठी तशी चाचणी १९९५ साली तयार झाली. दुसऱ्या वेळी प्रश्न ओळखीचे झाल्याने थोडे गुण जास्त मिळू शकतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

घरीही एक वही घालावी. काल काय जेवलो, नातवंडांची नावे, शंभरातून सात-सात वजा करणे, औषध स्वतः घेतले का, दुकानातून मोड बरोबर आणली का, एवढे आठवड्यातून एकदा लिहावे. हे काम घरातली शाळकरी मुलगी सहज करील.

ऑपरेशननंतर रक्तदाबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या मेंदूत एकदम जोराचे रक्त गेले तर पहिल्या काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, फिट किंवा भ्रम होऊ शकतो. तसे दिसताच दवाखाना गाठावा. रक्त पातळ ठेवण्याची, चरबीची आणि रक्तदाबाची औषधे मनाने बंद करू नयेत. बिडी सुटली नाही तर दुसरी शीरही त्याच वाटेने जाते. माणूस गप्प बसू लागला, जेवण कमी झाले, तर ते विसरणे नसून मनाचे खचणेही असू शकते. त्यावर उपाय आहे, डॉक्टरांना सांगावे.

तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोबडी वळणे किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे, यांतले काहीही झाले आणि लगेच गेले तरी १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दवाखान्यातच भेटावे आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत बसते का ते भरती होतानाच विचारावे.

राहिली सहीची गोष्ट. १८७२ च्या करार कायद्याने कागद करताना माणसाला त्याचा अर्थ आणि आपले बरेवाईट कळत असले पाहिजे. दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या, भांबावलेल्या बापाची सही घेणे म्हणजे पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी दाखवणे. सहा महिने थांबा. आणि थांबाल तेव्हा लेकींनाही बोलवा. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा मुलांइतकाच आहे, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे.

आम्ही हे सारे दोन्ही भावांना समोर बसवून सांगितले. सहीचा कागद पेटीत गेला. लाल वही मात्र आम्ही पेटीत जाऊ दिली नाही. आता संध्याकाळी नात आकडे वाचते आणि अण्णा पाटीवर मांडतात. पूर्वी जी बेरीज ते बोटांवर करीत तिला आता दहा मिनिटे लागतात. हातचा विसरतो, पुन्हा करतात. पूर्वीचे अण्णा पुरते परत आलेले नाहीत, आणि कदाचित येणारही नाहीत. पण या जयंतीला वर्गणीची पावती त्यांच्याच सहीने फाटली, आणि शेजारी नातीने केलेली बेरीज त्यांनी स्वतः तपासून घेतली.